न वाळलेला लेप

इंजिनिअरने खिशातून मुठीएवढी धातूची डबी काढली, तिचं झाकण पकडीने उचकटलं आणि ती टेबलावर उपडी केली. आतून चमचाभर पाणी सांडलं. ते फायलींच्या दिशेने निघालं तशी साहेबांनी घाईघाईने फायली उचलल्या, पण इंजिनिअर जागचा हलला नाही. पाणी टेबलाच्या कडेपर्यंत पोचेतो त्याने ते सगळ्यांना नीट पाहू दिलं.

"ही डबी हवाबंद होती," तो म्हणाला. "सात वर्षांपूर्वी मी स्वतः बंद केलेली. परवा पुलाच्या खांबातून उकरून काढली."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आत्या बसली होती. ऑफिसात तिला सगळे आत्याच म्हणत, तिच्याहून सहा वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. कोणाच्या घरात काय चाललंय याची खडान्खडा माहिती असलेली एक आत्या प्रत्येक कुटुंबात असते. हिला तशी विद्यापीठांची माहिती होती. कुठल्या प्रयोगशाळेत खरंच काम चालतं आणि कुठे नुसती यंत्रं पुसून ठेवतात, कोणता प्राध्यापक स्वतः फोन उचलतो, कोणाकोणात विस्तव जात नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. ऑफिसचं कामच ते होतं. कंपन्या आपली अडचण घेऊन येत, आणि ती सोडवू शकेल असा विद्यापीठातला संशोधक त्यांना शोधून द्यायचा. अकरा वर्षांत आत्याने अठ्ठावन्न जोड्या जुळवल्या होत्या. त्यांतल्या चार मोडल्या, आणि चारही वेळा कंपनीने तिचं न ऐकता मोठ्या नावामागे धाव घेतली होती, हे ती आपणहून सांगायची. तिला स्वतःच्या कामाचा अभिमान होता. तो लपवावा असं तिला कधी वाटलं नाही.

इंजिनिअरची कंपनी पुलांच्या खांबांत पुरायची मापनयंत्रं बनवत होती. खांबाला आतून तडा जायला लागला की ते यंत्र बाहेर कळवतं. यंत्र उत्तम, पण त्याची डबी ज्या लेपाने बंद करायची तो लेप पाच-सात वर्षांत दगा द्यायचा आणि आत पाणी शिरायचं. नव्या पुलाच्या करारात वीस वर्षांची हमी मागितली होती. इंजिनिअर दोन नामांकित संस्थांत जाऊन आला होता. तिथे त्यांनी त्याला काचेच्या भिंतींची प्रयोगशाळा दाखवली, मोठी भट्टी दाखवली आणि सांगितलं, की नमुना सहा आठवडे भट्टीत तापवला की तो वीस वर्षांत किती म्हातारा होईल ते कळतं.

"या डबीचा लेपही त्यांच्याच भट्टीत पास झाला होता," इंजिनिअर म्हणाला. "शितावरून भाताची परीक्षा होते. पुलाची होत नाही. मला वीस वर्षं पाण्यात राहिलेला लेप दाखवा, बाकी काही दाखवू नका."

साहेब हसले. त्यांना वाटलं, माणूस विनोद करतोय. इंजिनिअरचा चेहरा तसाच राहिला, तेव्हा त्यांनी हसू आवरलं आणि आत्याकडे पाहिलं. अशा वेळी सगळे तिच्याकडेच पाहत. तिने रुमालाने टेबल पुसलं, डबी उलटसुलट करून पाहिली, सांध्यावरून नख फिरवलं आणि तीन आठवडे मागून घेतले.

तिची काम करायची एक रीत होती. ऑफिसातले बाकीचे लोक छापून आलेले शोधनिबंध मोजत आणि ज्याचे जास्त तो यादीत वर घालत. आत्याचं म्हणणं असं, की छापून येतं ते जमलेलं काम. न जमलेलं कपाटात असतं, आणि माणसाची खरी ओळख कपाटात होते. म्हणून ती कुठल्याही प्रयोगशाळेत गेली की प्राध्यापकाचं बोलणं चालू असताना हळूच विचारायची, तुमचे फसलेले नमुने कुठे ठेवता? जो गोरामोरा होई त्याच्या नावावर ती मनातल्या मनात काट मारी. जो उत्साहाने कपाट उघडून दाखवी तो यादीत वर चढे.

या वेळी मात्र सगळी कपाटं रिकामी निघाली. वीस वर्षांचा नमुना म्हटल्यावर लोक आधी हसत आणि मग जरा ओशाळत. एका ठिकाणी बारा वर्षांचे होते, ते गेल्या साली फरशी बदलताना फेकले. एका ठिकाणी प्राध्यापक निवृत्त झाले आणि त्यांच्यामागोमाग नमुनेही निवृत्त झाले. जागा कोणाकडेच नव्हती. दोन आठवड्यांत तिने चौदा विद्यापीठं पालथी घातली. मग एका विद्यापीठाच्या भांडारपालाने, म्हणजे सामानाच्या कोठीवरच्या माणसाने, फोनवर सहज सांगितलं, की बाई, असल्या वस्तू सांभाळणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे. आणि त्याने ती प्रयोगशाळा सांगितली. तिथल्या बाई पेन्सिलीचं थोटुकसुद्धा टाकत नाहीत, असंही म्हणाला.

आत्याने फोन ठेवला, पण ते नाव यादीत लिहिलं नाही.

ती प्रयोगशाळा तिच्या माहितीतली होती. तिथल्या बाईंच्या हाताखाली तिने तीन वर्षं काढली होती, पीएचडीसाठी. विषयही सांधे बुजवायच्या लेपाचाच. तिचा लेप पाणी रोखायचा, पण वाळायचा नाही. नियम होता तीस दिवसांत कडक होण्याचा. तिचा पाच महिन्यांनीही बोटाला चिकटायचा. परीक्षकांच्या समितीने एका ओळीत निकाल दिला, लेप वाळत नाही, उपयोग नाही. त्याच सुमारास वडिलांनी अंथरूण धरलं. बाई परगावी गेल्या असताना तिने चाव्या कारकुनाकडे दिल्या, दोन ओळींची चिठ्ठी ठेवली आणि निघून आली. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हापासून बाईंचं तोंड पाहण्याचा तिला धीर झाला नाही. एकदा एका संमेलनात बाई समोरून येताना दिसल्या तेव्हा ही अठ्ठावन्न जोड्या जुळवणारी आत्या खांबामागे जाऊन उभी राहिली होती.

आणि या ऑफिसात आल्यापासून अकरा वर्षांत तिने बाईंचं नाव एकाही यादीत घातलं नव्हतं. आपलीच माणसं पुढे केली असं कोणी म्हणू नये, म्हणून. या चोख वागण्याचाही तिला अभिमान होता.

संध्याकाळी तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. टेबलावर मुलांच्या वह्या पसरून त्यांतल्या झाडांना गुण देत बसला होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," तो म्हणाला.

"असं कसं? ऑफिसचा नियम आहे. ओळखीच्यांना..."

"नियम आहे की ओळख सांगायची. ओळख असेल तर नावच घालायचं नाही, असा कुठे आहे?" त्याने एका झाडाला दहापैकी सात दिले. "तू त्यांना पारखलंस आणि वगळलंस, असं झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. तू बघितलंच नाहीस. अकरा वर्षं."

तिला राग आला, आणि राग आला म्हणजे तो बरोबर बोलतोय, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. ती उठून आत गेली. मनात एकच गोष्ट फिरत राहिली. त्या प्रयोगशाळेला आजवर एकही कंपनी मिळाली नव्हती. तिच्या चोख हातांमुळे मिळाली नव्हती, असं म्हणायलाही जागा होती.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते वाईट माणूस नव्हते, फक्त कागदाला घाबरायचे. त्यांनी ठरवलं, की नाव जाऊ दे, पण पारख इंजिनिअरने करायची. आत्याने सोबत जायचं, दार दाखवायचं आणि गप्प राहायचं.

"जमेल गप्प राहायला?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. जमेल असं दोघांनाही वाटलं नाही.

विद्यापीठाच्या मागच्या बाजूची ती इमारत होती तशीच होती, फक्त रंग उडाला होता. जिन्याच्या वळणावर लोखंडी कपाटं, मोडके स्टूल आणि जुने तराजू एकावर एक रचून ठेवले होते आणि प्रत्येकावर खडूने फुली मारली होती. प्रयोगशाळेच्या दारावर कागद चिकटवला होता. प्राध्यापिका चार महिन्यांनी निवृत्त होत असल्याने ही खोली महिनाअखेर रिकामी करण्यात येईल, उरलेलं सामान भंगारात काढण्यात येईल. महिना संपायला नऊ दिवस होते. आत्याने तो कागद दोनदा वाचला. इंजिनिअरनेही वाचला आणि दार ठोठावलं.

बाईंनीच दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते, अंगावरचा डगला मात्र तसाच, खिशाशी शाईचा डाग असलेला. त्यांनी इंजिनिअरला या म्हटलं. मग त्यांची नजर मागे गेली.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "जपून ये, उंबऱ्याजवळची फरशी निघालीय."

एवढंच. एकोणीस वर्षं ज्या भेटीच्या भीतीने ती रस्ते बदलत आली होती ती भेट फरशीवर उरकली. ती आत येऊन दाराजवळ उभी राहिली, साहेबांनी सांगितलं होतं तशी.

इंजिनिअर पाल्हाळ लावणारा नव्हता. त्याने डबी दाखवली, अडचण सांगितली आणि सर्वांत जुना नमुना मागितला. बाईंनी खोलीच्या टोकाचा कापडी पडदा सरकवला. मागे भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीच्या तळाशी एक काचेचा गोळा, म्हणजे दोन छोट्या वाट्या तोंडाला तोंड लावून लेपाने सांधलेल्या. आत दहा-बारा मणी. औषधाच्या बाटलीत ओल धरायला पुडी घालतात, तिच्यात असतात त्या जातीचे मणी. कोरडे असेपर्यंत निळे, ओल लागली की गुलाबी.

बरण्यांवर एक ते छत्तीस आकडे होते. ते अक्षर कोणाचं, हे दाराजवळ उभ्या असलेल्या आत्याला इतक्या लांबूनही कळलं. ते तिचंच होतं.

तिला पहिल्यांदा आनंद झाला नाही. पहिल्यांदा तिला वाटलं, आपली फजिती इतकी वर्षं मांडून ठेवली आहे. छत्तीस बरण्या, ओळीने. मग तिने मण्यांचा रंग पाहिला. निळा.

"किती वर्षांचे?" इंजिनिअरने विचारलं.

"एकोणीस."

"किती टिकलेत?"

"मी सांगून काय उपयोग? मोजा तुम्ही." बाईंनी त्याच्या हातात विजेरी दिली.

इंजिनिअरने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि मोजायला बसला. एकेक बरणी उजेडात धरायची, गोळा फिरवून पाहायचा, सांध्यावर विजेरीचा झोत टाकायचा, आकडा टिपायचा. अर्धा तास हेच चाललं. खाली अंगणात कोणीतरी लोखंडी कपाट ओढत नेत होतं, त्याचा करकर आवाज तेवढा येत होता.

"एकतीस निळे," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "पाच गुलाबी का झाले?"

"दोन फळी हलवताना तडकले. तीन अकराव्या वर्षी गेले. का गेले, ते मला माहीत नाही."

इंजिनिअरने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. दोन नामांकित संस्थांत मिळून त्याने हे वाक्य एकदाही ऐकलं नसावं.

बाईंनी कपाटातून एक जाड वही काढून टेबलावर ठेवली. दर वर्षी एक नोंद. नोंदीची तारीख, निळे किती, गुलाबी किती, पाण्याच्या खारटपणाची मोजणी, खाली सही. प्रत्येक पानावर वेगळं अक्षर. हाताखाली नवा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी त्याला हेच काम, असं बाईंनी सांगितलं. मुलांना वाटायचं, म्हातारीची खोड आहे. ती मुलं आता कुठे कुठे नोकरीला आहेत, पण अजून फोन करून विचारतात, किती निळे आहेत? बाईंनी हे हसत सांगितलं, पण वही त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"आणि हा लेप कोणी केला?"

बाईंनी वही पहिल्या पानावर उघडून त्याच्याकडे फिरवली. पानाच्या माथ्यावर पूर्ण नाव होतं. इंजिनिअरने ते वाचलं. तीन आठवड्यांपूर्वी तेच नाव छापलेलं कार्ड त्याने आत्याकडून घेतलं होतं, पण त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. तो नुसता थांबला.

गप्प राहायचं होतं. दार दाखवायचं होतं, ते दाखवून झालं होतं. तिने स्वतःला हे सगळं सांगून पाहिलं.

"मी," आत्या म्हणाली. "पण तो वाळत नव्हता. म्हणून मी सोडून गेले."

"तेव्हा वाळत नव्हता," बाई म्हणाल्या. "तू गेल्यावर सव्वा वर्षाने वाळला. सावकाश वाळणारा लेप होता तो. आणि सावकाश वाळला म्हणूनच इतका धरून राहिलाय, असं मला वाटतं. समितीने तीस दिवस वाट पाहिली. तू पाच महिने. मला निवृत्तीपर्यंत दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं."

"मला कळवलं नाहीत."

"तीन पत्रं पाठवली. तिसरं परत आलं, पत्त्यावर कोणी राहत नाही म्हणून."

पहिली दोन तिला मिळाली होती. पाकिटावरचं अक्षर ओळखून तिने ती न उघडता फाडली होती. आत बोल लावले असतील, याबद्दल तिला त्या वेळी तिळमात्र शंका नव्हती. आता तिला लाज वाटत होती, खूप वाटत होती, आणि त्याच वेळी त्या एकतीस निळ्या गोळ्यांकडे पाहून ऊर भरून येत होता, आणि या दोन्ही गोष्टी एकदम कशा सोसायच्या ते तिला कळत नव्हतं.

"मग ठरवलं," बाई म्हणाल्या, "यायचं तेव्हा येईल. तोवर आपण मोजत राहावं."

इंजिनिअरने खाकरून घसा साफ केला. माणसांच्या गोष्टी त्याला अवघड जात असाव्यात. तो सरळ कामावर आला. चार महिन्यांनी बाई निवृत्त झाल्यावर पुढे काय, हे त्याने विचारलं. पाठीशी कंपनी असेल तर विद्यापीठ खोली ठेवायला तयार आहे, दोन वर्षं मुदतही वाढवून देईल. नसेल तर महिनाअखेर ही फळी खाली उतरेल. बाईंनी हे हवामान सांगावं तसं सांगितलं, पण आत्याला त्यांची बोटं दिसत होती. ती वहीच्या कडेवरून पुनःपुन्हा फिरत होती.

"लेप करायची रीत वहीत आहे?"

"प्रमाणं आहेत. हात नाही." बाईंनी खलबत्त्याकडे बोट दाखवलं. "घोटायचं कधी थांबवायचं ते आवाजावरून कळतं, असं ही म्हणायची. मी पाच वेळा करून पाहिला. तीन वेळा फसला. मला तो आवाज ऐकू येत नाही."

इंजिनिअरने बाह्या खाली केल्या आणि कोट चढवला. निघताना दारावरचा कागद त्याने अलगद सोडवला, घडी घालून खिशात ठेवला आणि बाईंना म्हणाला, की याचं उत्तर कंपनी दोन दिवसांत देईल. गाडीत बसल्यावर त्याने आत्याला सांगितलं, की आजवर एकोणीस वर्षं टिकलेला लेप त्याने पाहिला नव्हता, आणि एकोणीस वर्षं टिकलेली माणसंही त्याच्या फारशी पाहण्यात नाहीत.

कंपनीचा होकार तिसऱ्या दिवशी आला. त्याच दुपारी जिन्यावरच्या सामानावरच्या फुल्या पुसल्याचं भांडारपालाकडून कळलं. ऑफिसात आनंदीआनंद झाला. साहेबांनी तर आत्याची पाठ थोपटायची तेवढी बाकी ठेवली. भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर ज्याने जुळवली त्याच्या नावापुढे जोडीची नोंद होत असे. तिथे एकोणसाठ लिहायला साहेब स्वतः खडू घेऊन उठले, आणि मग खडू हातात तसाच धरून परत बसले.

त्यांच्यापुढे दोन कागद होते. जुळवणाऱ्याची आणि संशोधकाची जुनी ओळख असली की दोघांनी एकमेकांना न विचारता, वेगवेगळ्या कागदावर ती ओळख लिहून द्यायची, असा नियम होता. आत्याचा कागद आदल्या दिवशी आला होता, बाईंचा आत्ताच्या टपालाने. दोन्ही एकेका ओळीचे.

"जुळत नाहीत," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "तुझ्या कागदावर लिहिलंयस, माजी विद्यार्थिनी, संशोधन अपूर्ण सोडलं."

"खरं तेच लिहिलंय."

"हा त्यांचा." त्यांनी दुसरा कागद डोळ्यांजवळ नेला. "विद्यार्थिनी. संशोधन चालू आहे. मोजणीचं सध्या एकोणिसावं वर्ष."

आत्याने कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. बाईंचं अक्षर तेच होतं, सरळ, कुठे खाडाखोड नाही. तारीख, सही, पदनाम. विद्यार्थ्याची हजेरी लिहावी इतक्या साधेपणाने लिहिलेलं.

"तुझा धरला तर काही अडत नाही," साहेब म्हणाले. "जुनी ओळख होती, आपण ती कळवली, संपलं. फाईल तुझी, जोडी तुझी, तक्त्यावर तुझं नाव. त्यांचा धरला, तर या कामात तू स्वतःच एक बाजू होतेस. मग फाईल तुझ्याकडे ठेवता येणार नाही. ही जोडीही तुझ्या नावावर लागणार नाही." त्यांनी हातातल्या खडूकडे पाहिलं. "एकोणसाठावी आहे आत्या. आणि इतकी चांगली आजवर कोणी जुळवलेली नाही. विचार करून सांग. कोणाचा खरा धरू?"

तिने विचार केला नाही. स्वतःचा कागद उचलून तिने त्याचे चार तुकडे केले आणि फाईल टेबलावरून साहेबांकडे सरकवली. आयुष्यात इतका अभिमान तिला कशाचाच वाटला नव्हता.

"बाईंचा," ती म्हणाली. "आणि सोमवारपासून मला सकाळची सुट्टी लागेल. तिकडे खल सकाळीच धरावा लागतो, दुपारी रस्त्याच्या गोंगाटात आवाज ऐकू येत नाही."